उशीर कुणाच्या सोयीचा?



हा अंक तुमच्या हाती पडायला तीन आठवडे उशीर झाला आहे. छापखान्याचा दोष नाही, पोस्टाचाही नाही. हे पान माझ्याकडूनच वेळेवर लिहून झाले नाही. उशिराबद्दल लिहायला बसलेल्या बाईने आधी स्वतःचा उशीर कबूल केलेला बरा. पण माझ्या या उशिराने मला काही मिळाले नाही, मिळाली ती दोन मैत्रिणींची बोलणी. ज्या उशिराने कुणाचे तरी भले होते, त्याबद्दल आज लिहायचे आहे.

वाशी तालुक्यातल्या एका खेड्यातून एक बाई आमच्या सल्ला केंद्रात येते. तिला आपण आक्का म्हणू. वय बत्तीस, पदरात दोन लेकरे, राहते आईजवळ. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, शेत भावाच्या नावावर. पोटगीच्या अर्जाला पाच वर्षे झाली. पहिले वर्ष समन्स बजावण्यातच गेले. दर तारखेला कागद परत यायचा, वर शेरा : ‘इसम घरी मिळून आला नाही.’ हा इसम ट्रकवर नसेल तेव्हा रोज संध्याकाळी पारावर बसलेला असतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुसऱ्या वर्षी त्याने उलट दावा टाकला, बायको नांदायला येत नाही म्हणून. मग वकील बदलला. नव्या वकिलांना कागद वाचायला वेळ हवा. मग तडजोडीची बोलणी चालू आहेत म्हणून तीन तारखा. उलटतपासणीच्या दिवशी त्याची मावशी वारली. पुढे पावसाळ्यात पुन्हा उलटतपासणी लागली, तेव्हाही मावशीच वारली. माझ्या डायरीत आधीची नोंद होती म्हणून कळले, की मावशी तीच.

आक्का प्रत्येक तारखेला येते. एस.टी.चे तिकीट २०२३ च्या मार्चपासून बायकांना निम्मे झाले, पण रोज बुडतो तो पूर्ण बुडतो. खुरपणीच्या, काढणीच्या दिवसांत तर मुकादमीण दुसऱ्या बाईला लावते आणि आक्काचे चार दिवस जातात. गेल्या वेळी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून तिने मला विचारले, ‘‘ताई, एकरकमी पंचवीस हजार देतो म्हणतोय. घेऊन टाकू का ओ?’’

मला त्या वेळी पटकन काही सुचले नाही. घरी येताना हिशेब केला. नवऱ्याला खटला जिंकायचाच नव्हता. वकिलाने त्याला पहिल्या दिवशीच सांगितले असणार, की पोटगी द्यावी लागेल. त्याला एवढेच करायचे होते, की द्यायची रक्कम तिच्या तोंडून कमी करून घ्यायची. ते काम कायद्याने होत नाही, तारखांनी होते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण कायदा इतका वाईट नाही. २००१ साली जुन्या फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमात दुरुस्ती झाली, की अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली. त्यात हे कलम १४४ झाले आणि साठ दिवस तसेच राहिले. घरगुती हिंसाचार कायदा २००५ चा. त्यात पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांत आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे लिहिले आहे. मग साठ दिवसांची पाच वर्षे कशी होतात? पोटगीच्या कलमातली ओळ नीट वाचा. साठ दिवस अर्ज केल्यापासून मोजायचे नाहीत, समोरच्याला नोटीस बजावल्यापासून मोजायचे. म्हणजे जो नोटीस चुकवतो, त्याचे घड्याळ सुरूच होत नाही. चुकवणाऱ्याला बक्षीस कायद्याच्याच ओळीत ठेवलेले आहे. आणखी एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवायला हवी. पोटगी मंजूर होऊन थकली, तर वॉरंटाने वसूल करण्यासाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. बाई ‘देईल, देईल’ म्हणत वाट पाहत राहिली, तर मागची थकबाकी या रस्त्याने मिळत नाही. ‘पुढच्या महिन्यात देतो’ या वाक्याचा अर्थ एवढाच असतो.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी एका निकालात यातला थोडा फायदा काढून घेतला. प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलेच, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेले. अर्ज २०१३ चा, अंतरिम पोटगीचा आदेश २०१५ चा, आणि वाद दिल्लीला मिटायला २०२० उजाडले. त्या निकालात दोन गोष्टी ठरल्या. दोघांनीही आपली मिळकत आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची, आणि पोटगी धरायची ती अर्ज केलेल्या तारखेपासून. दुसरी गोष्ट फार मोलाची आहे. आदेशाच्या तारखेपासून पोटगी लागू होत असे तिथे नवऱ्याचा प्रत्येक लांबवलेला महिना त्याच्या खिशात राहत होता. अर्जाच्या तारखेपासून धरली, की लांबवलेला महिना त्याच्या अंगावर चढतो. आक्काच्या प्रश्नाला उत्तर इथे आहे. पाच वर्षांची रक्कम मांडून दाखवली तेव्हा तिने पंचवीस हजारांचे नाव काढणे सोडले. पण हा हिशेब आम्ही तिला पहिल्या वर्षीच मांडून द्यायला हवा होता. ती चूक आमची.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला ‘प्रशासकीय दिरंगाई’ नावाचा एक विषय होता. त्यात कारणे असत : मनुष्यबळ कमी, कागदपत्रे अपुरी, समन्वयाचा अभाव. परीक्षेत मला त्यावर चांगले गुण मिळाले होते. दहा-बारा वर्षे वाशी, भूम, कळंब या भागांत फिरल्यावर वाटते, की त्या यादीत एक कारण नव्हते. ज्याला थांबणे परवडते तो मुद्दाम थांबतो, आणि ज्याला परवडत नाही तिला थांबवतो. पगारी माणसाला तारीख पडली तर सुट्टी मिळते, रोजंदारीच्या बाईला उपास पडतो. दोघांच्या उशिराला एकच शब्द वापरणे हीच मोठी फसवणूक आहे.

नवरा-बायकोच्या भांडणात जे दिसते, तेच कंपनी आणि शेतकरी यांच्यात दिसते. आक्काच्या आईचे दीड एकर आहे. २०२० च्या खरिपात तिने सोयाबीन पेरले, विम्याचा हप्ता भरला. ऑक्टोबरात जो पाऊस झाला तो तुम्हाला आठवत असेल, काढून ठेवलेल्या गंजींना कोंब फुटले होते. विमा कंपनीने आपल्या जिल्ह्यातल्या लाखो शेतकऱ्यांचे दावे मान्य केले नाहीत. कारण काय, तर नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत कंपनीला कळवले नाही. त्या दिवसांत रानात जायला वाट नव्हती, वीज नव्हती, मोबाईल चार्ज होत नव्हते. सरकारी पंचनामे झाले होते, तरी बहात्तर तास ते बहात्तर तास. काही शेतकरी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. मे २०२२ मध्ये खंडपीठाने निकाल दिला, की साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना सहा आठवड्यांत भरपाई द्या. सहा आठवड्यांत कंपनीने पैसे दिले नाहीत, ती सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे सप्टेंबर २०२२ मध्ये तिला दोनशे कोटी रुपये भरायला लावले. म्हणजे २०२० च्या पिकाचा वाद दोन पावसाळे उलटून गेल्यावरही कोर्टात होता. शेतकऱ्याला बहात्तर तास, कंपनीला तेवढेच महिने मिळाले तरी तिला चालले असते. पैसे तिच्याकडे असतात तोवर त्यांवर व्याज तिला मिळते, वकिलाची फी त्यातूनच निघते.

या दोन वर्षांत घरात काय घडते ते वर्तमानपत्रात येत नाही. विम्याचा फॉर्म बहुधा पुरुषाच्या नावावर असतो, कारण सातबारा त्याच्या नावावर. पण पैसे आले नाहीत म्हणून ज्या गोष्टी थांबतात त्या बाईच्या वाट्याच्या. आधी डोरले गहाण पडते. मग मुलीचे कॉलेज. मग बाईची स्वतःची तपासणी, पिशवीचे दुखणे असेल तर तेही ‘सुगी झाल्यावर बघू’ वर जाते. आणि याच बाईच्या नावावर गटाचे कर्ज असते. फायनान्सवाला दर आठवड्याला ठरल्या वारी दारात बसतो, पैसे मिळाल्याशिवाय उठत नाही. एका बाईचा हप्ता चुकला तर गटातल्या बाकीच्यांना भरावा लागतो. आमच्या एका बैठकीत एक मावशी म्हणाल्या, ‘‘आपल्याला यायचं ते कधी येतंय माहीत नाही, द्यायचं ते मातुर मंगळवारी.’’ अर्थशास्त्राच्या पुस्तकात मी हे इतके थोडक्यात वाचलेले नाही.

उसाचेही तसेच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर साल दरशेकडा पंधरा टक्के व्याज. कायद्याने उशिराची किंमत ठरवून दिली आहे, पण व्याज मागायला जाणारा शेतकरी मला अजून भेटायचा आहे. पुढच्या वर्षी त्याच कारखान्याकडून तोड हवी असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफ.आर.पी. दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली. म्हणजे जो उशीर आधी बेकायदा होता, त्याला शासन निर्णयाने कायदेशीर केले. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द केला, पण तोवर तीन हंगाम निघून गेले होते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया या साखळीच्या शेवटच्या टोकाला आहेत, त्यांच्याबद्दल पुढच्या अंकात स्वतंत्र लेख आहे, म्हणून इथे थांबते.

राजकारणाकडे येऊ. इथे उशीर व्याजासाठी करत नाहीत, खुर्चीसाठी करतात. आपल्या जिल्हा परिषदेची आणि वाशी पंचायत समितीची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. संविधानाच्या २४३-ई या कलमाप्रमाणे मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. ती झाली २०२६ च्या फेब्रुवारीत. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता.

कारण विचारले तर ओ.बी.सी. आरक्षण. प्रश्न खरा होता, आणि ओबीसी बायांच्या जागांचा तर आपल्या जिव्हाळ्याचा होता. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी वाशीमसह काही जिल्हा परिषदांच्या प्रकरणात (विदर्भातले वाशीम, आपली वाशी नव्हे) तीन कसोट्या घालून दिल्या : आयोग नेमा, आकडेवारी गोळा करा, एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर नेऊ नका. आकडेवारी गोळा करणे चार वर्षांचे काम नव्हते. बांठिया आयोगाचा अहवाल जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने स्वीकारलासुद्धा. पण तोवर प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारने स्वतःकडे घेतले होते. जूनअखेर सरकार बदलले. नव्या सरकारने जुन्या सरकारची सदस्यसंख्या बदलली. त्यावर याचिका झाल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जैसे थे’ आदेश आला. नंतर तारीख, पुन्हा तारीख. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितले. तेही जमले नाही, मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून घेतली. दोन्ही बाजूंच्या सरकारांनी यात आपापला हात लावला आहे. विरोधात असताना ‘लोकशाहीचा खून’ म्हणायचे आणि सत्तेत आले की ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हणायचे, हे आपण सर्वांकडून ऐकले.

महाराष्ट्रात २०११ पासून या जागांपैकी निम्म्या बायांच्या आहेत. प्रशासक बसवला म्हणजे निम्म्या बाया घरी बसवल्या. जिल्हा परिषदेतली बाई फार काही करते असा माझा भाबडा समज नाही. किती ठिकाणी ‘साहेब’ म्हणून नवराच बैठकीला बसतो ते मी पाहिले आहे. तरीसुद्धा अंगणवाडीचे पत्रे उडाले, आरोग्य केंद्रात डॉक्टर येत नाही, तर तिच्या दारात जाऊन ओरडता येत होते. प्रशासकाच्या दारात शिपाई असतो. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने २०२२ मध्ये पंचायत समितीसाठी तयारी केली होती. तिचा गण महिलांसाठी राखीव होईल असे सगळे धरून चालले होते. जातपडताळणी केली, गावोगाव हळदीकुंकू-बैठका केल्या, सासऱ्यांचे मन वळवले. हे शेवटचे सर्वांत अवघड होते. चार वर्षांनी सोडत निघाली तेव्हा गण सर्वसाधारण झाला, सासरेही राहिले नव्हते, आणि तिकीट मागायला दीर उभा. तिच्याविरुद्ध कुणीच काही निर्णय घेतला नव्हता. फक्त वेळ गेला.

उशिराची खुबी हीच असते. नकार दिला तर त्यावर सही लागते, कारण लागते, अपील करता येते, मोर्चा नेता येतो. ‘विचाराधीन आहे’ यावर मोर्चा कुठे न्यायचा? राज्य महिला आयोगाचे अध्यक्षपद फेब्रुवारी २०२० मध्ये रिकामे झाले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये भरले गेले. मधल्या काळात टाळेबंदी झाली. बायका मारणाऱ्याबरोबर एकाच खोलीत कोंडल्या गेल्या, आणि राज्याच्या आयोगाला अध्यक्ष नव्हता. आयोग बंद करा असे कोणताच पक्ष म्हणाला नव्हता. म्हणण्याची गरजच पडली नाही.

आणि संसदेतल्या आरक्षणाची कथा तर आपल्या चळवळीतल्या दोन पिढ्यांनी जगलेली आहे. १२ सप्टेंबर १९९६ रोजी देवेगौडा सरकारने विधेयक मांडले तेव्हा मी बालवाडीत होते. गीता मुखर्जींच्या समितीने त्याच वर्षी डिसेंबरात अहवाल दिला. तीन महिन्यांत! काम करायचे असले की किती लवकर होते, याचा पुरावा म्हणून हे लक्षात ठेवा. त्यानंतर लोकसभा विसर्जित झाली, विधेयक बुडाले. १९९८ मध्ये पुन्हा, सभागृहात कागद हिसकावून घेतले गेले. १९९९ मध्ये पुन्हा. दरवेळी एक शब्द ऐकू यायचा : सहमती. सर्वपक्षीय बैठका व्हायच्या, चहा व्हायचा आणि सहमती झाली नाही म्हणून बातमी यायची. कुणी उघड विरोध केला त्यांच्याशी निदान भांडता तरी येत होते. ‘आमचा पाठिंबाच आहे, पण घाई नको’ म्हणणाऱ्यांनी जास्त वर्षे खाल्ली. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने विधेयक मंजूर केले, लोकसभेत ते चार वर्षे चर्चेलाच घेतले नाही. गीताताई तर २००० सालीच गेल्या होत्या.

२०२३ च्या सप्टेंबरात अखेर ते मंजूर झाले. लोकसभेत विरोधात फक्त दोन मते, राज्यसभेत एकही नाही. सत्तावीस वर्षे जी सहमती होत नव्हती ती दोन दिवसांत झाली. का झाली? मला वाटते, कायद्यातच एक अट होती म्हणून : त्यानंतरची पहिली जनगणना होईल, तिच्या आधारे मतदारसंघांची पुनर्रचना होईल, मग आरक्षण लागू होईल. २०२१ ची जनगणना तेव्हाच दोन वर्षे रखडलेली होती. १८८१ पासून दर दहा वर्षांनी न चुकता झालेली ही मोजणी पहिल्यांदाच चुकली. जून २०२५ मध्ये अधिसूचना निघाली, तिच्यात संदर्भ तारीख १ मार्च २०२७ दिली. मधल्या २०२४ च्या लोकसभेत चौऱ्याहत्तर बाया निवडून गेल्या, ५४३ मध्ये. अभिनंदनाचे पेढे आपणही खाल्ले होते, २०२३ मध्ये. मी खाल्ले होते. तारीख नसलेल्या धनादेशाचे पेढे होते ते.

हे सगळे वाचून ‘मग करायचे काय’ असे तुम्ही विचाराल. मोठी उत्तरे माझ्याजवळ नाहीत, एक लहानसे हत्यार आहे. आपल्या राज्यात २००५ सालचा एक कायदा आहे. त्याचे नाव लांबलचक, बदल्यांचे विनियमन आणि कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध. त्याच्या दहाव्या कलमात लिहिले आहे, की कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. दुसऱ्या खात्याकडे पाठवायची नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय व्हावा. जाणूनबुजून उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई. सरकारने स्वतःच कागदावर मान्य केले आहे, की उशीर जाणूनबुजून केला जातो! लोक सहसा त्यातला बदल्यांचा भागच वाचतात. आम्ही निराधार बायांच्या अनुदानाच्या प्रकरणात हा कायदा वापरला. माहितीच्या अधिकारात एवढेच विचारले, की अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर आला आणि कोणत्या तारखेला पुढे गेला. उत्तर यायच्या आधीच फाईल हलली. दरवेळी हलते असे नाही. शिवाय अकराव्या कलमात न्यायप्रविष्ट प्रकरणे आणि मोठे धोरणात्मक निर्णय वगळले आहेत, म्हणून अधिकाऱ्याला ‘न्यायप्रविष्ट’ हा शब्द फार आवडतो. तो शब्द ऐकलात, की केसचा नंबर आणि पुढची तारीख लेखी मागा. निम्म्या वेळा केस नसतेच.

इथे एक कबुली द्यायची आहे. मुद्दाम केलेला उशीर आम्हीही वापरला आहे. काही वर्षांपूर्वी एका वस्तीवर पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न लागत असल्याचा निरोप आला. ग्रामसेवक दुसऱ्या गावी होते, पोलीस यायला तास लागणार होता. मी आणि एक आशाताई मांडवात गेलो आणि बसलो. नवरीची जन्मतारीख विचारली, आधार मागितले, शाळेचा दाखला मागितला, दाखला आला तो चष्मा नाही म्हणून दुसऱ्याला वाचायला दिला. करवलीशी गप्पा मारल्या, दोनदा पाणी मागितले. मुहूर्त टळला, गाडी आली. त्या मुलीने नंतर बारावी केली. तेव्हा उशीर करणे वाईट, असे मी लिहिणार नाही. आमच्या हातात त्या मांडवात दुसरे काहीच नव्हते. ज्याच्या हातात सगळे असते तो उशीर करतो, तेव्हा त्याला विचारावे लागते, की बाबा, तुला कशाची वाट पाहायची आहे?

दुसरी कबुली अधिक अवघड आहे. चळवळीतही हे झाले आहे. आमच्या ज्येष्ठ मैत्रिणी सांगतात, त्यांच्या तरुणपणी डाव्या संघटनांत बायांचे प्रश्न काढले की उत्तर असे, आधी वर्गलढा होऊ दे, मग बघू. त्या चिडायच्या. पुढे दलित बायांनी स्त्रीसंघटनांमध्ये जातीचा प्रश्न काढला तेव्हा ‘आत्ता एकी महत्त्वाची, तो विषय पुढच्या शिबिरात घेऊ’ असे आपल्यातल्याच काहींनी म्हटले. पुढची शिबिरे बरीच झाली. गेल्या महिन्यात आमच्या बैठकीत पारधी वस्तीवरच्या एका बाईने रेशनकार्डाचा विषय मांडला. वेळ संपत आली होती. मीच म्हणाले, पुढच्या बैठकीत घेऊ. तिने माझ्याकडे पाहिले आणि काही बोलली नाही. ते पाहणे मला कोर्टाच्या आवारातले वाटले. आता तो विषय येत्या बैठकीत पहिला आहे, इतिवृत्तात तशी नोंद केली आहे.

तुमच्या गटांनी एक वही घालावी अशी विनंती आहे. दोनशे पानी साधी वही पुरे. एका बाजूला तारीख, मग काय मागितले, कुणी पुढे ढकलले, कारण काय सांगितले, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी बाईचे किती रुपये गेले. प्रवास, बुडालेला रोज, झेरॉक्स, लेकरासाठी घेतलेला बिस्किटाचा पुडा, सगळे. आक्काच्या वहीत या रकान्याची बेरीज तेवीस हजारांवर गेली आहे. नवरा देऊ करत असलेल्या पंचवीस हजारांच्या शेजारी ती मांडली तेव्हा आक्का हसायलाच लागली.

तीच बेरीज आमच्या वकीलताईंनी मागच्या तारखेला कोर्टापुढे ठेवली. तहकुबी देताना खर्च लावता येतो, ही तरतूद कायद्यात आहे, फारसे कुणी मागत नाही. नवऱ्याच्या वकिलांनी मुदत मागितली. न्यायाधीशांनी वही मागवून घेतली, दोन पाने उलटली आणि पाचशे रुपये खर्च लावून तारीख दिली. पाचशे म्हणजे काहीच नाही, पण ते त्याला तिथल्या तिथे भरावे लागले. पुढची तारीख अठराला आहे. जिल्ह्यातल्या ज्यांना जमेल त्यांनी साडेदहापर्यंत कोर्टाच्या आवारात या. डबा बरोबर आणा, किती वेळ लागेल सांगता येत नाही.